नाव टाका

दिवसभर मी नावं टाकतो.
नाव, वडिलांचं नाव, आडनाव,
आधारवर आहे तसंच, काना-मात्रेसकट.
जिंतूरच्या बसस्टँडमागं मुंजाजीभाऊंचं सेंटर:
दोन खुर्च्या, कण्हणारा प्रिंटर, बोटं टेकवायचं यंत्र.
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढतो
आणि दुसरी नाव हाती घेतो.

पहिली मी घरासारखी बांधली.
चार भिंती, वर गच्चीत इंजिन,
महागाची वस्तू दिसायला पाहिजे म्हणून.
पाण्यात सोडली.
क्षणभर उभी राहिली, फोटोला उभं राहतात तशी,
मग कुणी हाक मारल्यासारखी कुशीवर वळली.
पोट वर. पंखा हवेत फिरत होता,
त्याला अजून कळलं नव्हतं.

दुसरी ते नववी, सगळ्या बुडाल्या.
कामून, ते समजेना.
खेळ काही बोलत नाही,
आमच्या पोर्टलसारखं लाल अक्षरात रागावत नाही.
पाणी तेवढं आपलं काम करतं.

येलदरीचं धरण इथून जवळच.
सहावीच्या सहलीत भिंतीवरून बघितलं होतं,
गुरुजी आकडे सांगत होते.
पाण्याला हात लावायचा राहिला.

मोईन काळीपिवळी चालवतो, परभणी-जिंतूर.
शेवटची फेरी टाकून येतो, चहाचा कप धरून
खुर्चीमागं उभा राहतो.
म्हणला, "वर कामून ठेवलास एवढं वजन?
टपावर तेलाचे डबे घेतले ना,
की बोरीच्या वळणावर गाडी मला विचारती,
पडू का?"

इंजिन तळाला नेलं. त्याखाली लोखंडाच्या विटा.
आता उलटेना.
पळेना बी.
म्हशीसारखी बसली, नाकपुड्या तेवढ्या बाहेर.
विटा काढून रुंद केली,
तर सतरंजी ओढत न्यावी तसं
सगळं तळं पुढं ढकलत निघाली.
अरुंद केली, सुरीसारखी.
पळाली!
मोईनचा चहा सांडला.
पहिल्या लाटेला आडवी.

मंगळवारी कौसाबाई परत आल्या, चौथ्यांदा.
बँकेत कौसाबाई, आधारवर कौसल्या,
मशीन म्हणतं जुळत नाही.
"मावशी, यातलं तुमचं कोणतं?"
"दोन्ही माझेच की लेकरा.
एक माहेरचं, एक इकडचं.
एकावर कधी भागलंय का?"
मी त्यांना प्रतिज्ञापत्राची यादी दिली,
स्टँपपेपर, दोन फोटो, साक्षीदार.
त्यांनी कागदाची बारीक घडी केली
आणि पिशवीत अगदी तळाला ठेवली.

दोन डगरींवर पाय ठेवू नये
हे लहानपणापासून ऐकलेलं.
त्या रात्री ठेवला.
सुरीसारखी एक. तिच्यासारखीच दुसरी.
मधे चार ठोकळ्यांचं अंतर, वर आडवी फळी.
इंजिन खाली, जरा मागं सरकवलं,
पुढं होतं तेव्हा नाक पाण्यात खुपसत होती.

सोडली.
डुलली, पण विचारलं नाही.
वेग तीसवर गेला तशी छाती उचलली,
पन्नासला पाण्यावर नुसती टेकत चालली,
गरम तव्यावर थेंब पळतो तशी.
वळणावर डावी बाजू हवेत आली,
मोईननं खुर्चीची पाठ घट्ट धरली,
आणि ती परत खाली बसली,
उठून जाता जाता कुणी बसावं तशी.

एकतिसावी होती ही.
ट्यूब गेली. सगळं स्टँड काळं झालं.
इन्व्हर्टर टुकटुक करायला लागला,
म्हातारा आहे, पाच मिनिटं देतो.
जतन कर, जतन कर, मोईन म्हणला.
पडद्यावर पांढरी पट्टी आली:
नाव टाका.

सकाळपासून एकोणऐंशी टाकलीत.
बोटं कळफलकावर, टुकटुक जवळ जवळ यायली.
कौसा लिहिलं. खोडलं.
कौसल्या लिहिलं.

चौकट एकच आहे.